आम्लता मोजली नव्हती

लग्न असो, बारसं असो, दहावा असो, मी दूध शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये होते असं कळलं की शेजारचा माणूस खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "खरं सांगा, पाणी कितीजण घालतात?" आधी मी समजावून सांगायचे. आता "तुम्ही पिताय ना, मग कळत असेल," असं म्हणते आणि पानावर बसते.

अहो, पाणी पकडणं हे आमच्या कामातलं सर्वांत सोपं काम. ते यंत्रच करतं. नळी दुधात बुडवली की फॅट, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा, पाणी सगळं पडद्यावर. त्यासाठी केमिस्ट्रीची बीएस्सी झालेली बाई महामार्गाच्या धुळीत बसवायची काही गरज नाही. मी बसले होते ते दुसऱ्याच प्रश्नासाठी. हे दूध टिकेल का? टँकरमधून जाईल, तापवलं जाईल, थंड होईल, पिशवीत भरलं जाईल, एवढं सोसेपर्यंत ते दूध राहील का, की मध्येच फाटेल? एका कॅनमधलं नासकं दूध टँकरमध्ये गेलं तर सगळा टँकर जातो. म्हणून डॉकवर, म्हणजे कॅन उतरवतात त्या ओट्यावर, एक बाई परीक्षानळी घेऊन उभी असते. आळेफाट्याच्या अलीकडच्या एका केंद्रावर ती बाई म्हणजे मी. केंद्राचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

दूध का फाटतं हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दुधातलं मुख्य प्रोटीन बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. डोळ्याला दिसत नाहीत इतके ते बारीक, पण उजेड विखुरतात, म्हणून दूध पांढरं दिसतं. हे गोळे एकमेकांना दूर लोटतात, चिकटत नाहीत. त्यांच्या पोटात कॅल्शियम असतं, बाहेरच्या पाण्यातही थोडं असतं, आणि ते सारखं आतबाहेर करतं. जेवढं बाहेर येतं तेवढंच आत जातं. लग्नाच्या पंगतीत जितके उठतात तितकेच बसतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला मांडव तेवढाच भरलेला दिसतो, तसं. याला आम्ही समतोल म्हणतो. समतोल म्हणजे सगळं निवांत बसलेलं आहे असं नाही, दोन्हीकडची ये-जा सारखी आहे एवढंच. दूध आंबलं, गायीच्या चाऱ्यात काही बदललं, फार ऊन झालं, की ही ये-जा एका बाजूला कलते. मग गोळ्यांची एकमेकांना लोटायची ताकद कमी होते, ते चिकटतात आणि दूध फाटतं.

डॉकवर हे ओळखायची झटपट रीत म्हणजे अल्कोहोलची चाचणी. नळीत जेवढं दूध तेवढंच ठरावीक ताकदीचं अल्कोहोल घालायचं आणि नळी आडवी करून पाहायची. अल्कोहोल गोळ्यांभोवतीचं पाणी ओढून घेतं. दूध धडधाकट असेल तर तेवढं सोसतं आणि काच स्वच्छ राहते. कच्चं, म्हणजे सोसायला कमजोर असेल तर काचेवर रव्यासारखे दाणे येतात. दाणे आले की कॅन परत. दहा सेकंदांचा खेळ, आणि समोर रांगेत साठ-सत्तर कॅन.

आता एक गंमत सांगते. आळ्याचा एक शेतकरी होता, त्याची गाय नुकती व्याली होती. पहिल्या तीन-चार दिवसांचं दूध आमच्याकडे चालत नाही, कारण तो चीक असतो. या पठ्ठ्याने चीक थोडा थोडा चांगल्या दुधात मिसळून आणला. मी नळी उकळत्या पाण्यात धरली आणि दुधाचं घट्ट दही झालं. तो म्हणाला, "मॅडम, देवानं दिल्यालं, मोरीत वतू का?" मी म्हटलं, "वाफवा आणि खरवस करा की! इथे का आणता?" दुसऱ्या दिवशी तो डबाभर खरवस घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चोरी धरल्याबद्दल." वेलदोडा घातलेला होता. खाल्ला आम्ही. खोटं कशाला बोलू?

खरवस होतो तो असा. चिकात एका वेगळ्या जातीचं प्रोटीन खूप असतं. प्रोटीन म्हणजे लांब दोरा, नेमकी घडी घालून ठेवलेला. ही घडी राहते ती काही फार बळकट असते म्हणून नाही. घडी ठेवणारी ओढ मोठी असते आणि घडी मोडणारी ओढही जवळजवळ तेवढीच मोठी असते. शाळेत रस्सीखेच पाहिली असेल. दोन्हीकडे तगडी पोरं, सगळ्यांच्या माना तटतटलेल्या, आणि मधला रुमाल मात्र इकडे वीतभर सरकलेला. प्रोटीनचं टिकणं म्हणजे ती वीत. उष्णता दिली की सरकतो रुमाल तिकडे, घडी सुटते, सुटलेले दोरे एकमेकांत गुंततात आणि खरवस जमतो. कॉलेजात मी हे आकडेमोडीने शिकले, पण पटलं ते डॉकवर. एवढी वर्षं रोज दूध पाहिल्यावर माझं मत असं झालंय की टिकलेली प्रत्येक गोष्ट थोडक्यातच टिकलेली असते.

आता हौसाबाई.

राजुरीकडच्या एका वस्तीवर तिच्या तीन संकरित गायी. नवरा पायाने अधू, मुलगा चाकणला कंपनीत. पन्नाशीची बाई, स्कुटीच्या पायाशी कॅन उभा करून स्वतः घेऊन यायची. नऊवारीचा काष्टा, डोक्याला रुमाल आणि डोळ्याला काळा चष्मा, अशी ती महामार्गावरून आली की ट्रकवाले बाजूला व्हायचे. तिचं दूध मी बारा वर्षं पाहत होते, एकदाही परत गेलं नव्हतं. हे ती रोज एकदा ऐकवायची. "मॅडम, माझ्या कॅनला नळी लावताय म्हंजी निस्ती तुमची हौस हाय बरं का." मी म्हणायचे, "हौस तुमच्या नावातच आहे, मला कुठली?"

तिच्या वस्तीवर चैत्रात यात्रा भरते. त्या दिवशी गव्हाची खीर करतात, गूळ घालून, आणि वर दूध. हे दूध एकाच घरातून जातं, हौसाबाईच्या. तिच्या आजेसासूच्या काळापासून. दिवसाचं सगळं दूध केंद्राला न देता देवाला द्यायचं. त्या दिवशी पालखी तिच्या दारात थांबते आणि कमिटीचे लोक कहिली, म्हणजे मोठं पसरट पातेलं, घेऊन येतात. बाईला दागिन्यांची हौस नाही, साडीची नाही. हा मान मात्र तिचा होता, आणि तो ती बोलण्यातून कधी सोडत नसे.

त्या वर्षी यात्रेला दहा-बारा दिवस राहिले असताना तिच्या दुधाच्या नळीत दाणे आले.

मी पुन्हा नळी भरली. पुन्हा दाणे. मागे रांग, टँकर सुटायची वेळ झालेली, ऊन चढलेलं. मी म्हटलं, "हौसाबाई, दूध आंबट आहे. कॅन परत."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिने नळी हातात घेऊन पाहिली आणि कॅन मुकाट्याने स्कुटीवर चढवला.

इथे मला थांबून कबुली दिली पाहिजे. दूध आंबट आहे हे अल्कोहोलची नळी सांगत नाही. दूध कच्चं आहे एवढंच ती सांगते. आंबट आहे का हे पाहायला वेगळी चाचणी आहे. दुधात थेंब थेंब अल्कली सोडायची, रंग गुलाबी होईपर्यंत, आणि किती लागली ते मोजायचं. पाच मिनिटांचं काम. थेंब मोजायची काचेची नळी, ब्युरेट, माझ्या टेबलावर उभी होती. पण आमच्या डॉकवर रिवाजच पडला होता, दाणे आले की "आंबट" म्हणायचं आणि रजिस्टरला "आंबट" लिहायचं. दहातल्या नऊ वेळा ते खरंच आंबट असतं. दहाव्या वेळेचं कोण पाहतो? उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी ती आली ती कॅन लखलखीत करून. राखेने घासला होता, उकळत्या पाण्याने धुतला होता. दाणे. तिसऱ्या दिवशी नवा कॅन. दाणे. "आंबट," मी म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, धार काढली का कॅनात, कॅन का गाडीवर. आंबाया टायम कुठं गावला?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी उत्तर दिलं, "ऊन किती आहे बघताय ना!" आणि पुढचा कॅन ओढला.

चौथ्या दिवशी दूध पास झालं.

काच एकदम स्वच्छ. हौसाबाई माझ्याकडे पाहत नव्हती, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दुसरी नळी घेतली आणि त्यात रोझॉलिक अॅसिडचे थेंब टाकले. चांगल्या दुधात याचा रंग मातकट येतो. हा आला गुलाबासारखा. सोडा.

आंबट दुधात खायचा सोडा घालायचा ही चोरी सगळ्या तालुक्याला माहीत आहे. सोडा आंबटपणा मारतो, दूध अल्कोहोलला टिकतं. हौसाबाईचं दूध आंबट नव्हतं, तरीही सोड्याने ते टिकलं, कारण गोळ्यांना चिकटवणारं बाहेरचं मोकळं कॅल्शियम सोड्याने कमी होतं. पण हे शहाणपण मला नंतर सुचलेलं. त्या क्षणी मी फक्त म्हटलं, "हौसाबाई, सोडा घातलात?"

दुसरी कोणी असती तर देवाच्या शपथा घेतल्या असत्या. ही म्हणाली, "व्हय, घातला. चिमूटभर घातला. तुमीच म्हनला न्हवं आंबट हाय? आंबटाला सोडाच घालत्यात."

काट्यावर वजन करणारा बबन मान खाली घालून उभा राहिला. नियम असा होता की सोडा सापडला तर दूध तीन महिने बंद आणि नाव फळ्यावर. फळा डॉकच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मी खडू घेतला आणि लिहिलं, तिचं नाव, गाव, "सोडा, दूध बंद". अक्षर नेहमीसारखंच आलं.

दोन दिवसांनी त्याच भागातल्या एका निवृत्त गुरुजींच्या कॅनला दाणे आले. मी म्हटलं, "आंबट." गुरुजी म्हणाले, "आकडा दाखवा."

"कसला आकडा?"

"आम्लतेचा. आंबट म्हणताय तर किती आंबट ते सांगा. मी बत्तीस वर्षं पेपर तपासले, नापास म्हणताना गुण लिहावे लागतात."

रागच आला मला. पण ब्युरेट ओढली. थेंब सोडले. आकडा अगदी निरोगी दुधाचा आला. पुन्हा केलं, तोच. मग त्याच दुधाची नळी उकळत्या पाण्यात धरली, तर दूध ढिम्म हललं नाही. म्हणजे आंबट नाही, उकळायलाही चालतं, फक्त अल्कोहोलसमोर टिकत नाही. क्षारांचा समतोल बिघडलेलं दूध. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात पहिली आले होते. कपाळ माझं!

गुरुजींनी आकडा मागितला म्हणून त्यांना उत्तर मिळालं. हौसाबाईने मागितला नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

रविवारी मी सामान पिशवीत घालून तिच्या वस्तीवर गेले. ती गोठ्यात होती. "या," म्हणाली, पण पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारत नाहीत म्हणजे काय, ते सांगायला नको.

मी गव्हाणीत पाहिलं. उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दुसरं काहीच नाही.

"किती दिवस वाढंच घालताय?"

"दीड म्हयना झाला. हिरवा चारा कुठं ऱ्हायलाय? कारखान्याच्या टोळ्या फुकट देत्यात."

उसाच्या वाढ्यात एक आम्ल असतं, ते गायीच्या पोटातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि दुधातल्या क्षारांचं गणित बिघडतं. शिवाय उन्हाने गाय त्रासलेली. सगळी पुस्तकं यावर एकमताची नाहीत, पण आमच्या भागात उन्हाळ्यात वाढं आणि कच्चं दूध ही जोडी मी नंतर बऱ्याच गोठ्यांत पाहिली. तिच्यासमोर धार काढून घेतली, तिच्या ओट्यावर ब्युरेट उभी केली. आकडा निरोगी. अल्कोहोलला दाणे. उकळलं तर ठणठणीत. मी तिला सगळं सांगितलं. वाढं कमी करा, चुन्याची निवळी पाजा, खनिज मिश्रण द्या, दोन-तीन आठवड्यांत दूध सुधारेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी माझं दूध आंबट नव्हतं."

"नव्हतं."

"तिन्ही दिस?"

"तिन्ही दिवस मोजलं नव्हतं. पण नसावंच."

"यात्रा बुधवारी हाय," ती म्हणाली. "कमिटीचा सांगावा आलाय. औंदा दूध दुसरीकडनं. फळ्याव नाव हाय त्या घरचं दूध देवाला न्हाई चालत." मग गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "मी कमिटीच्या लोकांना भेटून सांगते."

"तोंडी नगं. माझं नाव खडूनं लिवलं न्हवं? तुमचंबी खडूनं लिवा."

सोमवारी सकाळी मी मॅनेजर साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "मॅडम, सोडा होता की नव्हता?"

"होता."

"मग फळा बरोबर आहे."

"फळा बरोबर आहे, पण सोडा ज्यामुळे पडला ती माझी नोंद चूक आहे."

"ती नोंद फळ्यावर नाही, रजिस्टरात आहे. रजिस्टर कोण वाचतं? उद्या प्रत्येकजण म्हणेल, मॅडमनी आंबट म्हटलं म्हणून मी सोडा घातला. केंद्र चालवायचं की भजन करायचं?"

खरं तर साहेबांचं बरोबरच होतं. तिने सोडा घातला होता, तो दुधात होता, आणि ते दूध पोरंबाळं पिणार होती. तिच्या चुकीने माझी चूक झाकली जात होती, तशी माझ्या चुकीने तिची झाकली जाणार नव्हती. दोन्ही लिहायला हव्यात, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तो सांगायला मला नीट जमलं नाही. मी दिवसभर काम केलं. घरी जाऊन जेवले. झोप लागली. इतर लेखांत माणसांना अशा वेळी झोप लागत नाही, मला लागली.

मंगळवारी डॉक भरलेला असताना मी खडू घेतला आणि तिच्या नावाखाली लिहिलं, "या दुधाला आधीचे तीन दिवस आंबट म्हटले ते चूक. आम्लता मोजली नव्हती." आणि खाली माझं नाव, आडनावासकट.

रांगेतले लोक मोठ्याने वाचायला लागले. एकजण म्हणाला, "आयला, लॅबचंबी नाव लागलं राव!" हशा झाला. पंधरा मिनिटांत साहेब खाली आले, फळा पुसायला लावला, दोन्ही नावं पुसली गेली, आणि दुपारी माझ्या हातात मेमो पडला. पण बबनने तोवर मोबाईलवर फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो हौसाबाईच्या वस्तीवर, कमिटीच्या लोकांकडे, आणि माझ्या नणंदेकडेही पोहोचला. नणंदेने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

रात्री हौसाबाईचा फोन. "उद्या या. कमिटी म्हनती, मॅडम समोर पायजेत."

बुधवारी रजा टाकून गेले. देवळासमोर चुलाणं पेटलेलं, मोठ्या कढईत गुळाची खीर रटरटत होती. कमिटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणतात, मला म्हणाले, "मॅडम, तुमी लिवलं ते वाचलं. पर देवाचं काम हाय. दूध आमच्यासमोर तापलं पायजे. फाटलं तर वढ्यात, न्हाई फाटलं तर खिरीत."

"फाटणार नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की उकळताना फाटणार नाही याची मला खात्री होती, पण खीर गुळाची आहे. गुळात आम्ल असतं, क्षार असतात. चांगलं दूधसुद्धा गरम गुळात फाटतं. हे तर आधीच काठावर उभं असलेलं दूध. कागदावर मला सगळं येत होतं आणि नेमका गूळ मी विसरले होते.

दूध वेगळ्या कहिलीत चढलं. हौसाबाई काठाशी उभी, पदर खोचलेला. साय धरली, कड फुगली, उकळी आली, उतू जाता जाता आचाऱ्याने पाणी शिंपडलं. फाटलं नाही. लोकांनी "हां" केलं. आबा म्हणाले, "वता खिरीत."

"थांबा!" मी ओरडलेच. "आधी खीर उतरवा. गार होऊ द्या."

आचारी सत्तरीचा, खांद्यावर उपरणं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, मी वयाच्या बाराव्या वर्षापासनं खीर करतोय. कढत गुळात कोन दूध टाकतंय? खीर खाली उतरू द्या, हात लावता यील एवढी निवू द्या, मंग धार सोडायची, एका अंगानं." गुळाची ही केमिस्ट्री त्याला पन्नास वर्षांपासून येत होती. मी चुलाण्यापासून मागे सरले.

अर्ध्या तासाने त्याने धार सोडली. बारीक, एका अंगाने, पळी फिरवत. सगळी वस्ती कढईत पाहत होती. खीर पांढुरकी झाली, मऊ झाली, एकही गाठ नाही. आबांनी पहिली वाटी देवापुढे ठेवली. हौसाबाईने पदर डोळ्याला लावला, आणि मग लगेच वाढायची पळी आचाऱ्याच्या हातातून काढून घेतली, कारण वाढायचा मान पण तिचाच होता. माझ्यासमोर आली, दोन पळ्या जास्त वाढल्या. "खा," म्हणाली. तिच्या तोंडून आभार निघाले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. आभार कशाचे?

मी बायकांच्या पंगतीत बसले होते. शेजारी एक तिशीची बाई, हिरवा चुडा, बारीक अंगाची. ती जेवत नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुमी मला वळखणार न्हाई. तीन वर्सांमागं आमचं दूध आंबट म्हनून परत केलं व्हतं. चार दिस."

"असेल," मी म्हटलं.

"सासू म्हनली, हिनंच शिवलं आसंल, अडचणीत आस्ताना. म्हनूनशान नासलं." तिचा आवाज खाली होता, पण सासू समोरच्याच ओळीत होती आणि तिचा घास हातातच थांबला होता. "तवापासनं मला गोठ्यात पाय ठिवू देत न्हाईत. माझ्या म्हायेरची गाय हाय ती, मी आनल्याली. धारेलाबी बसू देत न्हाईत. मी शिवले नव्हते, मॅडम. तुमी खरं सांगा. ते दूध आंबट व्हतं का नव्हतं?"

उन्हाळा होता का, चारा कोणता होता, मला काहीच आठवत नव्हतं. रजिस्टरात एकच शब्द असणार, माझ्या अक्षरात. ते दूध खरंच आंबट असू शकत होतं. दहातल्या नऊ वेळा असतंच. आणि आंबट असलं तरी ते कोणाच्या शिवण्याने होत नाही, हे सासूला सांगायला एक पंगत पुरली नसती.

सासू माझ्याकडे पाहत होती. सून माझ्याकडे पाहत होती. पळी हातात धरून हौसाबाई पंगतीच्या मध्ये उभी होती, तीही पाहत होती.

"नव्हतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आंबट अजिबात नव्हतं. माझी चूक होती."

पुन्हा एकदा मी न मोजता निकाल दिला. त्याची नोंद कुठेही नाही.